वंशावळ एकच पाहिजे

फाईलवर दोनदा टिचकी मारली की ते लिहायचं सॉफ्टवेअर उघडायचं, पांढरं पान दाखवायचं, पान क्षणभर थरथरायचं आणि सगळं गायब. मागे इंग्रजीत एक ओळ उरायची, प्रोग्रामने काम करणं थांबवलं आहे. का थांबवलं, पुन्हा कधी सुरू करणार, काही नाही. मी पुन्हा टिचकी मारली, ते पुन्हा मेलं. त्या सकाळी हे मी किती वेळा केलं ते विचारू नका. शेवटी मागे उभी असलेली भाची म्हणाली, "आत्या, त्या माऊसले काऊन मारून राह्यली? त्याचा काय दोष?"

"मग काय त्याचे पाय चेपू?" मी खेकसले. जीव तिचा टांगणीला लागला होता आणि मी तिच्यावरच ओरडत होते. माझं तसंच आहे, घाबरले की आधी तोंड सुटतं.

त्या फाईलमध्ये आमच्या घराण्याची वंशावळ होती. भाचीला नर्सिंगच्या पदवीला राखीव जागेवर नंबर लागला होता, पण प्रवेश कच्चा. अकरा दिवसांत जात पडताळणीचा अर्ज भरल्याची पावती दाखवायची, नाहीतर जागा खालच्या नंबरला. अर्जाला वंशावळ लागते, शपथपत्रावर. आता तुम्ही म्हणाल, बाप, आजा, पणजा लिहून टाका, त्यात काय एवढं. तर आमचे आजोबा शाळेत गेलेच नाहीत, त्यामुळे त्यांचा जुना दाखला कुठून असणार? शाळेत गेला तो त्यांच्या नात्यातला एक भाऊ, तळेगावचा. त्याच्या शाळेच्या रजिस्टरची नक्कल शिक्क्यासकट आमच्या कपाटात होती, नाव अन् जात स्पष्ट, बापाचं नाव तेवढं वाळवीनं खाल्लेलं. पण तो आमचा नक्की कोण, कुणाचा मुलगा, हे वंशावळीत दाखवल्याशिवाय तो कागद म्हणजे परक्या माणसाचा कागद. आणि ते दोनच ठिकाणी होतं. एक त्या फाईलमध्ये आणि एक दादाच्या डोक्यात.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, पोरीचा बाप. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेला. मे महिन्यात अंगणात पाण्याच्या ड्रमपाशी उभा होता आणि उभ्याचा कोसळला. लकवा. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. तोंडात एकच शब्द राहिला, "बरं". चहा देऊ? बरं. चहा नको का? बरं. पंखा बंद करू, चालू करू, उशी काढू, सगळ्याला बरं. वर्ध्याचे डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं, पण किती समजतं ते सांगता येणार नाही. वहिनी जाऊन बरीच वर्षं झालीत. मी नवऱ्याकडून परत आलेली, त्या कथेचं इथे काही काम नाही. तर आंजी गावातल्या आमच्या घरात पोरीला दादा आणि मी, एवढंच.

ही वंशावळ दादानं सहा वर्षं खपून केली. दर रविवारी सकाळी बसनं निघायचा, कधी तळेगाव, कधी नाचणगाव. म्हाताऱ्या माणसांजवळ बसायचा, चहा प्यायचा, डायरीत उतरवायचा. संध्याकाळी घरी आला की मला हाक. कॉम्प्युटर माझा, टायपिंगही माझं. एका कार्यालयात मी तीस वर्षं टंकलेखक होते. दादा नाव सांगायचा, मी चौकट काढून त्यात नाव घालायची, मग चौकटीपासून चौकटीपर्यंत माऊसनं रेघ. रेघ जराही तिरकी झाली की मास्तर जागा व्हायचा. "सरळ कर. बाप कोण अन् लेक कोण, ते रेघच सांगते." मी दात-ओठ खात सरळ करायची.

टायपिंग झालं की दादा डायरीतलं ते पान फाडायचा आणि पाणी तापवायच्या चुलीत घालायचा. हो, जाळायचा. छापील प्रत काढू द्यायचा नाही, पेनड्राइव्हवर घेऊ द्यायचा नाही. त्याला कारण होतं. आमच्या एका मावसभावाचं प्रकरण याच पडताळणीत अडकलं होतं. त्यानं दिलेल्या वंशावळीत पणज्याला चार पोरं, आणि त्याच्या सख्ख्या भावानं नंतर दिली तिच्यात पाच. झालं! हा पाचवा कुठून आला ते सांगा. तो पाचवा लहानपणीच वारलेला, एकानं धरला, एकानं सोडला, पण कागदाला हे कोण समजावणार? तो बिचारा चार वर्षं चपला झिजवत होता. तेव्हापासून दादाचं एकच. घरात वंशावळ एकच पाहिजे. दोन झाल्या की त्यात फरक पडणार, अन् फरक पडला की पोरीचा घात.

पोरीचा घात होऊ नये म्हणून. काय बोलायचं आता.

आणि माझं सांगते. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आमचे सर सांगायचे, टायपिस्टनं वाचायचं नाही. वाचलं की बोट अडतं. मी ते इतकं मनावर घेतलं की तीस वर्षांत लोकांच्या बदल्या, निलंबनं, पेन्शनी टाईप केल्या, पण संध्याकाळी विचाराल तर एक ओळ आठवायची नाही. मला त्याची घमेंड होती. वंशावळही मी तशीच टाईप केली. दादा सांगायला बसायचा, "हा पाह्य, हा मोठ्या बापाचा धाकटा, याच्या लग्नाची मोठी गंमत आहे," आणि मी म्हणायची, "दादा, नाव सांग. गोष्ट नको सांगू, मले भाकरी टाकायच्या आहेत." मग तो नुसतं नाव सांगायचा. सहा वर्षं सगळी माणसं माझ्या बोटांतून गेली आणि डोक्यात एक थांबला नाही.

फाईल हळूहळू जड होत गेली होती, तेही मला दिसत होतं. जुन्या दाखल्यांचे मोबाईलवर काढलेले फोटोसुद्धा दादानं तिच्यातच घालायला लावले. उघडायला आधी दोन मिनिटं लागायची, मग पाच. मी म्हटलं, "दादा, ही एक दिवस बसणार." तो म्हणाला, "बसली तर उठवजो. तू एवढी टायपिस्ट." मीही हसले होते.

तर त्या सकाळी आधी आम्ही घरगुती उपाय केले. कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली, पुसली, लावली. भाचीनं मोबाईलवर बघून सांगितलं की एक बटण दाबून धरून सॉफ्टवेअर उघडलं की ते साध्या रूपात उघडतं. उघडलं, आणि फाईल मागितली की मेलं. मग मी दुसरी फाईल उघडून पाहिली, गॅसवाल्याला लिहिलेला अर्ज. तीही नाही. मला इतका आनंद झाला! म्हणजे फाईलला काही झालेलं नाही, सॉफ्टवेअरच आजारी आहे. दुसऱ्याचं दुखणं पाहून एवढं हसू कधी आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचा डबा चादरीत बांधून मांडीवर घेतला आणि वर्ध्याची बस धरली.

वर्ध्याला बाजारात एक दुकान आहे, अर्ध्यात कापड, अर्ध्यात कॉम्प्युटर. बाप ब्लाउजपीस फाडतो, लेक मदरबोर्ड उघडतो. लेकही आता चाळिशीचा झाला आहे. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ताई, प्रिंटर कोणता होता?"

"तो उन्हाळ्यात मेला. तेव्हापासून हे उघडलंच नाई."

"मेला, पण यादीतून नाव नाई काढलं तुम्ही. हे सॉफ्टवेअर उघडताना आधी प्रिंटरले शोधते. नाई सापडला की खलास." त्यानं ते नाव काढलं. गॅसवाल्याचा अर्ज उघडला. दिवाबत्तीची तक्रार उघडली. मी खुर्चीतून उठलेच. "आता ती उघडा!"

पान आलं, थरथरलं, गेलं.

मग त्या भल्या माणसानं काय नाही केलं. सॉफ्टवेअर काढून नवं टाकलं. दुरुस्त करून उघडायचा एक पर्याय असतो, तो वापरला. फाईलची नक्कल करून तिचं नाव बदललं. स्वतःच्या मशीनवर उघडायला गेला तर ते मशीनही पाच मिनिटं आडवं. "ताई, तुमच्या खानदानानं माह्यं मशीन पण पाडलं," तो म्हणाला. एरवी मी हसले असते. त्या दिवशी मला रडू आलं, तेही कापडाच्या गिऱ्हाइकांसमोर. त्याच्या वडलांनी पाणी दिलं. तीन दिवस ठेवून घेतो, म्हणाला लेक.

ते तीन दिवस मी रोज फोन करायची. घरी भाची माझ्या फोनकडे बघत बसायची. मध्येच मी तळेगावला फोन लावले. ज्यांनी दादाला सांगितलं ते म्हातारे एकेक करून गेलेले. त्यांची पोरं म्हणतात, "आमाले काय मालूम? तुमचा दादाच तर सगळं लिहून नेत होता. आमीच तुमाले मांगणार होतो." म्हणजे जगाची वंशावळ आमच्या घरी, आणि आमच्या घरी थरथरणारं पान.

सहाव्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. "उघडली, पण सगळा इंग्रजी कचरा आहे." मी धावतच गेले. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, तिरक्या रेषा, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. त्याचं तोंड उतरलं होतं. मी मात्र बघितलं आणि माझ्या बोटांनी ओळखलं. "अरे कचरा काय म्हणतो, माह्यी अक्षरं आहेत ती! जुन्या मराठी फॉन्टात टाईप केलेलं आहे." तो फॉन्ट माझ्याच डब्यात होता. सगळं निवडलं, फॉन्ट लावला, आणि नावं आली. एकाखाली एक, स्वच्छ, बिनचूक, काना-मात्रेची चूक नाही. दुकानात मी टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू.

मग माझ्या लक्षात आलं. "चौकटी कुठं आहेत? रेघा?"

"मजकूर तेवढा वाचला, ताई. चौकट अन् रेघ म्हणजे चित्र. चित्र सगळं गेलं."

"पुन्हा आण न."

"कुठून आणू?" तो म्हणाला. त्यानं पैसे घेतले नाहीत.

बसमध्ये मी ती छापील यादी वाचत आले. शंभराच्या आसपास नावं होती. पिढीप्रमाणे नाही, मी ज्या रविवारी जी चौकट काढली त्या क्रमानं. आमच्यात आज्याचं नाव नातवाला ठेवायची चाल, त्यामुळे एकच नाव सहा ठिकाणी. तळेगावचा तो शाळेत गेलेला माणूस, त्याच्या नावाचे तिघं. आमच्या आजोबांच्या नावाचे चौघं. कोण कुणाचा? रेघच सांगत होती ते, आणि ती मीच काढली होती. मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. मला फक्त रेघ सरळ करताना दादावर आलेला राग आठवला.

घरी भाचीनं यादीची कात्रणं केली, एकेका नावाची चिठ्ठी. दादाच्या खाटेवर चादर ताणून त्याच्यापुढे मांडल्या. "बाबा, तुमचा खापरपणजा कोणता?" दादानं डावा हात हलवला. बराच वेळ चिठ्ठ्यांवरून नुसता फिरवला, मग एक उचलून वर ठेवली. भाचीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मग त्यानं दुसरी खाली ठेवली, तिच्या शेजारी तिसरी. घामाघूम होत होता, पण थांबत नव्हता. दुपार गेली त्यात. तळेगाववाल्याची चिठ्ठी त्यानं आजोबांच्या धाकट्या काकाखाली ठेवली. मी विचारलं, "हा त्याचा मुलगा न, दादा?" तो म्हणाला, "बरं." मी मोबाईलवर फोटो काढला. आम्ही दोघी नाचायच्याच बाकी होतो.

भाची फार नीटनेटकी पोरगी आहे, बापावर गेली. ती म्हणाली, "आत्या, उद्या पुन्यांदा मांडून घेऊ. खात्री होईल." मी हो म्हणाले. का म्हणाले देव जाणे, आणि आमच्या घरी देवही नाही.

दुसऱ्या दिवशी दादानं पुन्हा मांडलं. खापरपणजा तोच. त्याचे मुलगे तेच. आणि तळेगाववाल्याची चिठ्ठी त्यानं उचलली, क्षणभर धरली आणि मोठ्या काकाखाली ठेवली. दुसऱ्याच फांदीवर.

"दादा, काल तर तू इकडं ठेवला होता!"

"बरं."

"मग कोणतं खरं? हे का ते?"

"बरं. बरं." त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते कळल्याचं होतं, न कळल्याचं होतं, की मी ओरडत होते त्याचं, मला सांगता येणार नाही. मी त्याचा डावा हात धरून चिठ्ठीवर ठेवला, तर त्यानं हात ओढून घेतला आणि सगळ्या चिठ्ठ्या एका फटक्यात खाली लोटल्या. भाची खाली बसून एकेक गोळा करायला लागली. "बाबाले नको त्रास देऊ, आत्या. जाऊ दे न माह्यी सीट." हे ती इतकं हळू म्हणाली की मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. जाऊ दे? त्या एका सीटसाठी या माणसानं सहा वर्षं रविवार पाहिला नाही.

तीन दिवस उरले होते. मी पहिला फोटो धरला. काही शहाणपणानं नाही. पहिला आला म्हणून, आणि त्यात उजेड चांगला होता म्हणून. दुसऱ्या दिवशीच्या मांडणीचाही फोटो काढला होता, तो मी मोबाईलमधून पुसून टाकला आणि भाचीला सांगितलं, "दादा दुसऱ्या दिवशी थकला होता. पहिलंच खरं." मग वंशावळ टाईप केली. चौकटी नाहीत, माऊस नाही, कागदावर पट्टी धरून पेननं रेघा मारल्या.

वर्ध्याला शपथपत्र माझ्या नावानं केलं, कारण दादा बोलू शकत नाही आणि वडलांकडून रक्ताचं नातं असलेली मीच. वरील वंशावळ माझ्या माहितीप्रमाणे खरी व बरोबर आहे, खोटी आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. अशी वाक्यं मी नोकरीत हजारदा टाईप केली असतील. त्या दिवशी सही करण्याआधी मी ते पहिल्यांदा वाचलं. कागद तपासणाऱ्या बाईनं सहज विचारलं, "हे तळेगाववाले कोण तुमचे?" मी न अडखळता सांगितलं, "चुलत आजोबा. आजोबांच्या धाकट्या काकांचा थोरला." तिनं मान हलवली आणि शिक्का मारला.

पावती मिळाली. प्रवेश झाला. भाचीला होस्टेलवर सोडायला गेले तेव्हा गादी, बादली सगळं लावून झाल्यावर तिनं विचारलंच. "आत्या, ते बरोबर आहे न?"

"मी टाईप केली होती न वंशावळ? मले नाई मालूम मग कोणाले मालूम?"

तिनं मला मिठी मारली. परतीच्या बसमध्ये मी शपथपत्राची नक्कल काढून पुन्हा वाचत आले.

पडताळणीचा निकाल अजून यायचा आहे. नाकारलं तर दुसऱ्या वर्षातूनही काढतात म्हणे. त्याआधी कधीकधी चौकशीला माणूस घरी येतो, घरच्यांना विचारतो, हा कोण, तो कुणाचा. येईल किंवा येणार नाही. पण आला तर मला अडखळून चालणार नाही. म्हणून मी आता रोज सकाळी दादाला चहा पाजला की त्याच्यासमोर बसते आणि सगळी वंशावळ मोठ्यानं म्हणते. वरपासून खालपर्यंत, कोण कुणाचा, कोण कुठल्या गावी गेला. शंभर नावं आता मला पाठ आहेत. पाठ करायचं हे एक कारण. दुसरं, मी कुठं चुकले तर तो डावा हात उचलेल, डोळे वटारेल, काहीतरी करेल, मास्तर होता तो.

त्यानं अजून एकदाही हात उचलला नाही. मला वाटायचं, म्हणजे सगळं बरोबर आहे.

काल मी मुद्दाम चूक केली. म्हणत म्हणत आमच्यापर्यंत आले आणि आमच्या बाबांच्या जागी दुसऱ्याच माणसाचं नाव घेतलं. ठळकपणे, थांबून, दादाच्या तोंडाकडे बघत. त्याचा आणि माझा बाप म्हणून मी एका परक्याचं नाव घेतलं. तो माझ्याकडे बघत होता, चांगला जागा होता. आणि त्यानं हो म्हणून मान हलवली.

मी तिथंच थांबले. उठले, त्याच्या हनुवटीवर सांडलेला चहा पुसला. मग बसले, बाबांचं नाव बरोबर घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.